जोर कुठे लावायचा आणि कुठे नाही

वाचकांचं पत्र

ताई, नमस्कार.

मी शिवणकामाचे व्हिडिओ करते. जुन्या लॅपटॉपवर एडिटिंग रडतखडत चालतं, म्हणून भाच्याच्या मदतीने एकेक पार्ट मागवून डेस्कटॉप जोडायचं ठरवलं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (फायली साठवायची पट्टी), ६५० वॉटचा मॉड्युलर एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा, सुट्या केबलचा डबा), कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड. सगळं येऊन तीन आठवडे झाले. भाचा शिकायला बाहेर गेला आणि खोकी तशीच पडून आहेत. रोज केर काढताना उचलते, पुसते, परत ठेवते. दादा म्हणतो, "हे तुझं काम नाही. एवढ्या महागाच्या वस्तू, अंगातल्या करंटने एक जरी उडाली तर? कुणाकडून तरी करून घे." स्थिर विजेबद्दल वाचून मलाही धडकी भरली आहे. शिलाई मशीन मी स्वतः उघडते, तेलपाणी करते, टायमिंगसुद्धा लावते. पण हे वेगळं वाटतं. करू का मी हे?

ता. क. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएसही मॉड्युलर होता. त्याच्या केबल लांब आणि चांगल्या आहेत. नव्याला लावल्या तर चालतील ना? तोंडं सारखीच दिसतात. जुनी हार्ड डिस्कही यातच लावायची आहे, तिच्यात माझे बारा वर्षांचे व्हिडिओ आहेत.

– खोक्यांची राखणदार

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या ता. क. पासूनच सुरुवात करते, कारण अख्ख्या पत्रात खरा धोका तिथेच आहे. जुन्या एसएमपीएसची एकही केबल नव्या एसएमपीएसला लावू नका. तोंड बसलं तरी नाही. कंपनी तीच असली तरी नाही.

केबलचं जे टोक मदरबोर्डात, ग्राफिक्स कार्डात किंवा हार्ड डिस्कमध्ये जातं, ते सगळीकडे ठरलेलं आहे. कुठल्या पिनेत १२ व्होल्ट, कुठल्या पिनेत ५, कुठली ग्राउंडची, यात फरक पडत नाही. पण मॉड्युलर केबलचं दुसरं टोक, जे एसएमपीएसमध्ये खोचतात, त्याचं असं काही ठरलेलंच नाही. प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने तारा लावते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा त्या वेगळ्या असू शकतात. प्लास्टिकचं तोंड मात्र बहुधा सारखंच, त्यामुळे केबल मुकाट्याने आत जाते. मग जिथे ५ व्होल्ट यायचे तिथे १२ येतात आणि बटण दाबताक्षणी हार्ड डिस्क जळते. तुमची ती बारा वर्षांची डिस्क अशीच जाऊ शकते. म्हणून हे वाचून झालं की उठा, जुन्या केबल जुन्या एसएमपीएसला गुंडाळून एका पिशवीत घाला आणि पिशवी दुसऱ्या खोलीत ठेवा. केबल आखूड पडलीच तर एक्स्टेंशन केबल मिळते. ती नव्या एसएमपीएसच्या स्वतःच्या केबलच्या पुढच्या टोकाला जोडायची असते आणि तिची दोन्ही तोंडं ठरलेल्या पद्धतीची असतात, म्हणून ती चालते.

त्या डिस्कबद्दल अजून एक. नवा कॉम्प्युटर चार-पाच दिवस नीट चालल्यावरच ती आत लावा. त्याआधी तिच्यातलं सगळं दुसरीकडे कुठेतरी कॉपी करून ठेवा. बारा वर्षांचं काम एकाच डिस्कवर असणं हे एरवीही बरं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. करा. याच आठवड्यात करा. नव्या पार्टांतला एखादा मुळातच खराब निघू शकतो. तो परत करायची, बदलून घ्यायची मुदत खोकं न उघडताही संपत असते. तीन आठवडे गेलेच आहेत. सगळी बिलं एका ठिकाणी ठेवा, खोकी फेकू नका, सीरियल नंबरचे स्टिकर सोलू नका. सुट्या पार्टांना प्रत्येकाची वॉरंटी वेगळी असते आणि ती मागताना हेच लागतं.

स्थिर विजेची भीती तुम्ही आहे त्यापेक्षा बरीच मोठी करून ठेवली आहे. ती खोटी नाही. आपल्याला चटका जाणवतो तोच साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, आणि त्याहून कमी विजेनेही चिप बिघडू शकते, म्हणून काळजी घ्यायची. पण काळजी सोपी आहे. आधी एसएमपीएस कॅबिनेटमध्ये बसवा. त्याची तीन पिनांची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये लावा, भिंतीवरचं बटण बंद ठेवा आणि एसएमपीएसच्या मागचा स्विच शून्याच्या खुणेकडे. अशाने वीज आत येत नाही, पण अर्थिंग जोडलेलं राहतं. आता पार्टला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला बोट लावायचं, दर दहा मिनिटांनी पुन्हा लावायचं. गालिच्यावर बसू नका, लोकरीचं किंवा सिंथेटिक अंगावर नको, काम टेबलावर करा. पार्ट कडेला धरा. एवढं पुरे. एसएमपीएसचं स्वतःचं खोकं मात्र कधीही उघडायचं नाही. वायर काढून ठेवली तरी आतले कपॅसिटर वीज धरून असतात.

माझ्या पाहण्यात स्थिर विजेने गेलेल्या पार्टांपेक्षा हाताच्या चुकीने गेलेले कितीतरी जास्त आहेत. जिथे जोर लावायचा तिथे माणूस घाबरून लावत नाही, आणि जिथे बोटभरही लावायचा नाही तिथे लावतो. शिलाई मशीनवर हात बसलेल्या बाईला हे समजावणं मला सोपं आहे. बॉबिन केस बसल्यावर जो 'टक्' आवाज येतो, तो आल्याशिवाय तुम्ही मशीन चालवत नाही. इथेही कान तसाच लावायचा आहे.

सगळ्यात नाजूक जागा सॉकेटची, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो तिथली. तुमचा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा आहे. यात पिना प्रोसेसरला नसून मदरबोर्डवर असतात. केसाएवढ्या बारीक, एका दिशेला वाकलेल्या, एकूण १७१८. बोर्ड उजेडात तिरका धरलात तर त्यांच्या रांगा रेशमासारख्या चमकतात, आणि एखादी वाकलेली असेल तर तिथे चमक तुटलेली दिसते. प्रोसेसर बसवण्याआधी हे एकदा पाहून घ्या, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. मग लिव्हर बाजूला ओढून वर करा, झाकण उचला. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो. दोन्ही जुळवा, प्रोसेसर दोन कडांनी धरून सरळ वरून खाली ठेवा आणि सोडून द्या. दाबायचं नाही, सरकवायचं नाही, हलवून पाहायचं नाही. तो आपल्याच वजनाने बसतो. आता झाकण लावून लिव्हर खाली आणायची, आणि इथे मात्र चांगला जोर लागतो. करकर असा आवाज येतो, काहीतरी मोडतंय असं वाटतं. मोडत नसतं. त्या करकरीला घाबरून लिव्हर अर्ध्यात सोडणारे पुष्कळ पाहिले आहेत. झाकणावरचं काळं प्लास्टिक आपोआप सुटून वर येतं. ते जपून ठेवा, बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर लावावं लागतं.

माझ्या हातून झालेलं सांगते. दुसऱ्यांदा कॉम्प्युटर जोडत होते. सॉकेट उघडं, प्रोसेसर अजून डबीत, आणि फोन वाजला. बोलत बोलत टेबलावरून हात फिरवला आणि एक स्क्रू त्या पिनांवर पडला. आवाजसुद्धा आला नाही. तीन पिना वाकल्या. रात्रभर भिंग आणि बारीक सुई घेऊन सरळ करत बसले. दोन सरळ झाल्या, तिसरी टोकातून गेली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण रॅमच्या दोन स्टिकपैकी एकच दिसायची. त्या एका पिनेपायी बोर्ड बदलावा लागला. तेव्हापासून सॉकेट उघडं असताना माझ्या टेबलावर एकही स्क्रू नसतो आणि फोन दुसऱ्या खोलीत असतो. तुम्हीही तसंच करा.

प्रोसेसरचा पंखा तुमच्या प्रोसेसरच्या खोक्यातच आहे. त्याच्या तळाला करड्या रंगाची थर्मल पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका, वेगळी पेस्टही नको. सॉकेटच्या दोन बाजूंचे काळे प्लास्टिकचे कंस चार स्क्रू काढून बाजूला करा आणि त्याच भोकांत पंख्याचे चार स्क्रू घ्या. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही. समोरासमोरचे थोडे थोडे फिरवत आणा, म्हणजे तळ सपाट दाबला जातो. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी.

आता रॅम, आणि इथे तुमचा हात आखडेल. बोर्डवर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन स्टिक लावा, शेजारीशेजारी नको. स्टिकच्या मधली चीर आणि खाचेतला उंचवटा जुळला पाहिजे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिनाच असतात, पण चिरेची जागा वेगळी ठेवली आहे, ती एकाची दुसऱ्यात जाऊ नये म्हणूनच. चीर जुळली की दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. बोर्ड किंचित लवेल. तरी दाबा. टक् आवाज येऊन खाचेच्या टोकाची खिटी स्वतःहून मिटली पाहिजे, ती बोटाने मिटवलीत तर बसलं असं समजू नका. 'सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही' अशी पत्रं मला येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची रॅम अर्धी बसलेली असते. तशीच २४ पिनांची मोठी पॉवर केबल. तिलाही जोर लागतो, आणि कडेचा आकडा अडकल्याचा आवाज यावा लागतो.

एसएसडी सोपी आहे. तिरकी धरून खाचेत घाला, ती वरच उचललेली राहील, हळूच खाली दाबून स्क्रू लावा. वर जी धातूची पट्टी बसते तिच्या मऊ पॅडवर पातळ पारदर्शक कागद असतो, तो सोलायचा. न सोलता लावलेल्या पट्ट्या मी इतक्या वेळा काढल्या आहेत की हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि आता माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. बोर्ड लगेच कॅबिनेटमध्ये घालू नका. तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवून आधी सुरू करून पाहा. चंदेरी पिशवीवर ठेवू नका, तिच्या बाहेरच्या बाजूने वीज जाऊ शकते. एसएमपीएस कॅबिनेटमधून काढायची गरज नाही, कॅबिनेट आडवं करून खोकं त्याला चिकटवून ठेवलं की केबल पोचतात. २४ पिनांची केबल, प्रोसेसरची आठ पिनांची केबल, आणि मॉनिटरची वायर थेट बोर्डच्या एचडीएमआयला. तुमच्या प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स आहेच, त्यामुळे कार्ड न लावता चित्र येतं. हा तुमचा मोठा फायदा आहे. काही बिघडलंच तर पाहायला चारच गोष्टी राहतात. बोर्डच्या कोपऱ्यात पॉवर स्विचच्या दोन पिना असतात, नेमक्या कुठल्या ते बोर्डच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. भिंतीवरचं बटण आणि एसएमपीएसचा स्विच चालू करून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनांना क्षणभर एकत्र स्पर्श करा. पंखा फिरेल.

आणि स्क्रीन काळीच राहील. घाबरून बंद करू नका. डीडीआर५ रॅमची आणि बोर्डची पहिली ओळख व्हायला वेळ लागतो, बोर्ड एकेक वेळ लावून पाहत असतो. कधी मिनिटभर, कधी बरीच मिनिटं, आणि मध्येच तो स्वतः बंद होऊन पुन्हा सुरूही होतो. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबा. बहुतेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे. पंधरा मिनिटांनंतरही एकच दिवा अडून राहिला तर शोध तिथून सुरू करायचा. रॅमचा असेल तर बंद करून दोन्ही स्टिक काढून पुन्हा दाबून बसवा. मग बायोसचा, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगचा पडदा येईल. तिथे ३२ जीबी रॅम आणि एसएसडीचं नाव दिसलं की अवघड भाग संपला.

बंद करा, एसएमपीएसचा स्विच शून्यावर आणा, पॉवरच्या त्याच दोन पिनांना पुन्हा एकदा स्पर्श करून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कुठलीही वस्तू काढा-घालायची ती यानंतरच.

कॅबिनेटमध्ये पितळी खुंट्या असतात, त्यांवर बोर्ड बसतो. बोर्डला जिथे भोक आहे तिथेच खुंटी हवी. मोठ्या बोर्डसाठीची एखादी जास्तीची खुंटी तुमच्या मायक्रो-एटीएक्स बोर्डच्या पाठीला टेकली तर शॉर्ट होतो, तेवढी काढून टाका. मागची पोर्टांची पट्टी वेगळी आली असेल तर बोर्डआधी ती. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वरच्या कोपऱ्यातून आधीच ओढून ठेवा, बोर्ड आवळल्यावर तिथे हात जात नाही. पंखे समोरून हवा आत घेतील आणि मागून बाहेर टाकतील असे. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्यांची चौकट असते तिकडून हवा बाहेर पडते.

ग्राफिक्स कार्डची केबल निवडताना थांबून वाचा. प्रोसेसरची केबल चार-चार पिनांची दुभागलेली असते, कार्डची सहा आणि दोनची. दोन्हींना मिळून आठच, पण १२ व्होल्टची रांग एकीत वर तर दुसरीत खाली असते. तोंडाचे कोपरे मुद्दाम वेगळे घडवलेले आहेत. केबल जात नसेल तर ती चुकीची आहे, दाबू नका. कार्ड लावून झालं की मॉनिटरची वायर बोर्डवरून काढून कार्डला लावायची. ही वायर हलवायची राहिली म्हणून 'कार्ड स्लो आहे' असं महिनोन्महिने म्हणणारे लोक आहेत.

बायोसमध्ये परत जाऊन एक्स्पो नावाची सोय चालू करा. ती नसेल तर ६००० च्या वेगाची रॅमही साधारण ४८०० वरच चालते, आणि तुम्ही ज्याचे पैसे दिले ते वापरलंच जात नाही. विंडोजसाठी ८ जीबीचा किंवा मोठा पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपवर आधीच तयार करा. त्याच लॅपटॉपवर तुमच्या मदरबोर्डचा नेटवर्कचा ड्रायव्हरही (इंटरनेटचा भाग विंडोजकडून चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज ११ बसवताना इंटरनेट मागतं, आणि नेटवर्कचा ड्रायव्हरच नसेल तर माणूस तिथेच अडकतो.

१९७५ साली आल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर सुट्या भागांच्या किटमध्ये मिळायचा आणि घरी बसून एकेक भाग सोल्डर करावा लागायचा. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी इतरांनाही त्याची कार्डं बनवता येतील असा खुला ठेवला, १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची बोर्ड-कॅबिनेटची मापं मांडली, आणि तेव्हापासून बोर्डची भोकं, केबलची तोंडं, रॅमच्या चिरा हळूहळू ठरत गेल्या. तुमच्यासमोर जी खोकी आहेत त्यांत अनोळखी कंपन्यांचे पार्ट एकमेकांत बसतात ते या इतक्या वर्षांच्या ठरवण्यामुळे. चुकीचं बसू नये याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला आहे. एसएमपीएसकडचं ते एक टोक तेवढं राहून गेलं, म्हणून सुरुवातीला एवढं बजावलं.

दादांचा राग धरू नका. महागाच्या वस्तूची काळजी त्यांना तुमच्याइतकीच आहे, त्यांना फक्त तुमचा हात माहीत नाही. मशीनचं टायमिंग लावणाऱ्या बाईला किती बारीक अंदाज लागतो हे बघायची वेळ त्यांच्यावर आली नसेल. रविवारी सकाळी चार-पाच तास मोकळे ठेवा आणि त्यांना बोलवा. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात लावताना आत अंधार असतो, दोन्ही हात गुंतलेले असतात आणि बोर्डवरची अक्षरं तिळाएवढी असतात. बटणाची वायर कशीही लावली तरी चालते, दिव्यांच्या वायरींना मात्र उलटसुलट असतं, ते पुस्तिकेत पाहून कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. तेवढा वेळ दादांच्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात पुस्तिका द्या.